सर्ब लोक : साम्राज्यांच्या सरहद्दीवरचे शिपाई – सक्ती की सौदा?

नकाशेवाला
सारायेवोत गोळी झाडली गेली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. सर्बियाची आपल्याकडची ओळख इथे सुरू होते आणि बहुतेकदा इथेच संपते. त्याआधीची सव्वापाचशे वर्षं कुणी विचारातच घेत नाही.

कोसोवोच्या लढाईत (१३८९) प्रिन्स लाझार पडला, सुलतान मुरादही मारला गेला. नंतरचं सगळं लोककाव्य ‘ख्रिस्ती युरोपसाठी दिलेलं बलिदान’ याच सुरात आहे. पण लढाईनंतर काय घडलं ते बघा. लाझारचा मुलगा स्तेफान लाझारेविच सुलतान बायेझिदचा मांडलिक झाला. बहीण ओलिवेरा बायेझिदला दिली गेली. १३९५ ला रोविनेच्या लढाईत सर्ब सरदार सुलतानाच्या बाजूने वालाकियाशी (आजचा दक्षिण रुमानिया) लढले. सर्बांचा सगळ्यात लाडका लोकवीर क्राल्येविच मार्को याच लढाईत मेला, सुलतानाचा मांडलिक म्हणून. १३९६ ला निकोपोलिसला हंगेरीचा राजा सिगिसमुंड आणि फ्रेंच सरदार धर्मयुद्धाला आले, तेव्हा शेवटचा निर्णायक हल्ला केला तो स्तेफानच्या चिलखती घोडदळाने. १४०२ ला अंकाराला तैमूरसमोर बायेझिदची फळी फुटली, तरी सर्ब घोडदळ बराच वेळ टिकून होतं.

माझं म्हणणं असं, की १३८९ ते १९१८ या काळात आग्नेय युरोपात झालेल्या जवळपास प्रत्येक मोठ्या युद्धात सर्ब दोन्ही बाजूंना होते. प्रत्येक साम्राज्याची सरहद्द त्यांच्या गावांतून जात होती आणि प्रत्येक साम्राज्याला त्यांचे हात हवे होते. ही निव्वळ सक्ती होती, की त्यात त्यांचा स्वतःचा सौदाही होता? अभ्यास असलेल्यांनी लिहावं.

तोफखाना
धागा आवडला. मांडलिकीचं स्वरूप आधी स्पष्ट करू. तीन गोष्टी द्याव्या लागत: दरवर्षी खंडणी, बोलावणं आल्यावर ठरलेली फौज, आणि घराण्यातली मुलगी. त्या बदल्यात जमीन, चर्च आणि कायदा हातात राहायचा. स्तेफानने यातून किती काढलं ते पाहा. अंकारानंतर परतीच्या वाटेवर बायझंटाइन सम्राटाकडून ‘देस्पोत’ ही पदवी मिळवली, आणि लगेच सिगिसमुंडचा मांडलिक होऊन त्याच्याकडून बेलग्रेड घेतलं. निकोपोलिसला ज्याची फळी मोडली, त्याच राजाकडून.

१४५३ चं उदाहरणही यात जोडा. कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात मेहमेद दुसऱ्याने नोवो ब्र्दोच्या चांदीच्या खाणीतले खाणकाम करणारे आणवले होते. तटाखाली भुयार खणायचं, लाकडी टेकू लावत पुढे सरकायचं आणि शेवटी टेकू जाळून तट खाली बसवायचा, हे त्यांचं काम. आतल्यांनी उलट भुयारं खणून, धूर आणि आग सोडून ती एकामागून एक निकामी केली. स्तेफाननंतरचा सर्ब देस्पोत ज्युराज ब्रांकोविच याने पाठवलेल्या घोडदळात कॉन्स्टँटिन मिहाइलोविच हा तरुण होता. पुढे त्याने आठवणी लिहिल्या. त्यात तो म्हणतो की १५०० स्वार पाठवले ते अनातोलियातल्या कारामानवरच्या मोहिमेसाठी असं सांगून, आणि नेलं कॉन्स्टँटिनोपलला.

दूर्वा
वाचतेय. मार्कोचं हे माहीत नव्हतं. धाग्यावर रुमाल.

खडूफळा
‘सौदा’ हा शब्द मला घाईचा वाटतो. कोसोवोनंतर लाझारची विधवा मिलित्सा राज्य चालवत होती, मुलं लहान. आणि १३८९ च्याच शरद ऋतूत सिगिसमुंडने उत्तरेकडून हल्ला करून चेस्तिन आणि बोराच हे किल्ले घेतले. म्हणजे ‘ख्रिस्ती युरोप’ मदतीला आला नव्हता, उरलेलं तोडायला आला होता. दोन बाजूंनी गळा धरलेल्या बाईने जास्त ताकदवान हात कुठला ते ओळखलं. याला सौदा म्हणायचं तर सौद्यात नाही म्हणायची मुभा असावी लागते.

नकाशेवाला
मुद्दा मान्य, १३९० पुरता. पण पुढच्या शतकांत नाही म्हणायची मुभा होती आणि ती वापरलीही गेली. लष्करी सरहद्दीबद्दल कुणी सविस्तर लिहील का?

सरहद्द
लिहितो. या विषयाचा गाभा तिथेच आहे.

ओटोमन आणि हाब्सबर्ग यांच्यामध्ये सोळाव्या शतकात ओसाड पट्टा तयार झाला होता. गावं जळलेली, शेतं पडीक. व्हिएन्नाला तिथे कायम फौज हवी होती, पण पगार द्यायला पैसा नव्हता. तिकडून ओटोमन हद्द सोडून येणारे सर्ब (त्यातले बरेच धनगर, कित्येक तर ओटोमनांचेच जुने सरहद्द-सैनिक) जमीन मागत होते. १६३० मध्ये सम्राट फर्डिनांड दुसऱ्याने त्यांच्यासाठी ‘स्तातुता व्हालाखोरुम’ ही सनद काढली. गावाने आपला प्रमुख स्वतः निवडायचा, जमीनदाराची वेठ नाही, सारा नाही. बदल्यात हत्यार चालवू शकणाऱ्या प्रत्येकाने बोलावल्यावर हजर व्हायचं.

यंत्रणा चालायची ती एकत्र कुटुंबावर, तिकडे ज्याला झाद्रुगा म्हणतात. जमीन माणसाच्या नावावर नसून घराच्या नावावर. घरात चार-पाच कर्ते पुरुष असले की एक रेजिमेंटमध्ये, एक नदीकाठच्या चौकीवर आणि बाकीचे नांगरावर. घर फुटून वाटण्या झाल्या की दोन गड्यांच्या घरातला एक लढाईला गेला म्हणजे पेरणीच बुडायची. म्हणून सरकारने वाटण्यांवर बंदी घातली. १८०७ च्या सरहद्द कायद्यात एकत्र कुटुंब हा सैन्यव्यवस्थेचाच भाग धरलेला आहे. बंदूक आणि दारूगोळा सरकारी. अठराव्या शतकाच्या मध्यापासून मारिया थेरेसाच्या काळात गावांच्या रेजिमेंट झाल्या: लिका, ओतोचात्स, ओगुलिन, स्लुन्य, दोन बान (म्हणजे क्रोएशियाचा सुभेदार) रेजिमेंट, पेत्रोवाराडिन वगैरे. कंपनी कमांडर हाच मामलेदार आणि हाच न्यायाधीश. डॅन्यूबवर शायका नावाच्या हलक्या लढाऊ नावांची वेगळी तुकडी होती, १७६३ पासून तिचं ठाणं तितेलला.

यात क्रोएटही होते, फक्त सर्ब नव्हते. हे न सांगता सरहद्द म्हणजे सर्ब असं लिहिणारे बरेच दिसतात, ते चूक आहे.

मीठभाकर
मग तिथल्या जमीनदारांना हे कसं चाललं? फुकटचे कुळ हातचे गेले की.

सरहद्द
चाललं नाहीच. क्रोएशियन सरदार आणि झाग्रेबचे बिशप शंभर-दीडशे वर्षं भांडत होते की ही जमीन आमची, यांना आमचे कुळ करा. सरहद्दीच्या सैनिकांचं उत्तर ठरलेलं: आम्ही सम्राटाचे, तुमचे नाही. दर वेळी बाजू घेताना व्हिएन्नाचा हिशोब एकच असे, पुढचं युद्ध किती जवळ आहे.

युद्ध लांब गेलं की काय होतं ते तिसा आणि मोरिश नद्यांच्या पट्ट्यात दिसलं. १७१८ नंतर ओटोमन सरहद्द दक्षिणेला सरकली, हे सैनिक आता आतल्या मुलखात आले. हंगेरीच्या सरदारांनी जमीन परत मागितली आणि १७५१ पर्यंत तिथली लष्करी व्यवस्था मोडली गेली. सैनिकांपुढे तीन वाटा होत्या: कर भरणारे कुळ व्हा, बानातच्या नव्या सरहद्दीवर जा, किंवा सनद सोडा. हजारो जणांनी चौथी शोधली आणि रशिया गाठला. यॉवान होर्वातच्या मागे गेलेल्यांनी आजच्या मध्य युक्रेनमध्ये ‘नोवाया सर्बिया’ वसवली, शेविच आणि देप्रेरादोविच यांनी दोनेत्सच्या काठी ‘स्लावियानोसर्बिया’. तिथेही तोच करार: जमीन घ्या, हुसार (हलक्या घोडदळाची) रेजिमेंट उभी करा. खडूफळा, नाही म्हणायची मुभा ती हीच.

खडूफळा
पटलं. पण नोवाया सर्बियाही १७६४ ला गुंडाळली गेली, हेही लिहायला हवं. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिला स्वायत्त लष्करी वसाहत नको होती. मालक बदलला तरी कराराची मुदत मालकाच्या गरजेएवढीच.

निदान
सरहद्दीचं दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही: प्लेग अडवणं. ॲड्रियाटिकपासून ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरांपर्यंत ही चौक्यांची साखळी हे युरोपचं सगळ्यात लांब आरोग्य-कुंपण होतं. चौक्या एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात, आणि चोरून ओलांडणाऱ्यावर गोळी घालायची मुभा.

बेलग्रेडसमोर नदीपलीकडे झेमुनला मोठं विलगीकरण ठाणं होतं. प्रवासी आला की कपडे बदलायचे, सामान वेगळं, राहायला कुंपणातली खोली. मुदत तुर्की मुलखातल्या बातमीवर: सगळं ठीक असेल तर २१ दिवस, संशय असेल तर ४२, प्लेग चालू असेल तर ८४. पत्रांना भोकं पाडून धुरी द्यायची म्हणजे धूर आतल्या घडीपर्यंत जातो. नाणी व्हिनेगरमध्ये टाकायची. कापूस आणि लोकर यांचे गठ्ठे सोडून दिवसेंदिवस वाऱ्यावर ठेवायचे, कारण दाबून बांधलेल्या कापडात रोग टिकतो हे अनुभवाने कळलेलं. पिसवांचा हिशोब माहीत नसताना उपाय बराचसा बरोबर निघाला. ज्यांना इतके दिवस थांबायचं नसे त्यांच्यासाठी दोन लाकडी कठड्यांमध्ये अंतर ठेवून बाजार भरे. भाव ओरडून ठरवायचा, माल मध्ये ठेवायचा.

मुदती लांब असल्यामुळे व्यापार तुंबायचा आणि तस्करी वाढायची. चौकीवरचा शिपाई आणि पलीकडचा तस्कर अनेकदा एकमेकांच्या नात्यातले. कुंपण फुटायचं ते तिथेच.

दूर्वा
निदान, सुरेख माहिती. निकोला टेस्लाही याच सरहद्दीवरचा ना?

सरहद्द
हो. १८५६, स्मिल्यान, लिका रेजिमेंटचा मुलूख. वडील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. ग्राझला तंत्रशिक्षणासाठी गेला तो लष्करी सरहद्दीच्या शिष्यवृत्तीवर. मायकेल पुपिन, टेलिफोनच्या लांब तारांसाठी कॉइलची युक्ती काढणारा, तोही बानातच्या सरहद्दीवरच्या इद्वोरचा. शाळा रेजिमेंटच्या, शिस्त रेजिमेंटची आणि जर्मन शिकणं भाग, त्यामुळे खेड्यातला हुशार मुलगा ग्राझ-प्रागपर्यंत पोचू शके. सरहद्दीचा उरलेला भाग १८८१ ला क्रोएशियात विलीन झाला आणि ती पूर्णपणे बरखास्त झाली.

तोफखाना
नकाशेवाले, तुमच्या ‘दोन्ही बाजूंना’ या मुद्द्याला माझ्या मते सगळ्यात स्पष्ट पुरावा १८१२ चा. १८०९ मध्ये सावा नदीच्या दक्षिणेच्या सहा सरहद्द रेजिमेंट नेपोलियनकडे गेल्या, त्याच्या इलिरियन प्रांतांबरोबर. त्यांतून उभ्या केलेल्या तुकड्या मॉस्कोच्या मोहिमेत गेल्या. एक नेपोलियनचा सेनानी युजीन याच्या कोअरमध्ये (मोठ्या सैन्यविभागात), एक मार्शल उदिनोच्या. समोर रशियन फौजेत जनरल मिलोरादोविच, ज्याचं घराणं हर्जेगोविनातून रशियात गेलेलं. व्याझ्माजवळ माघारी चाललेल्या फ्रेंच फौजेवर तुटून पडला तो हाच, आणि तिथे युजीनचा कोअर होता.

आणि त्याच वर्षी तिसरीकडे, खुद्द सर्बियात, काराजॉर्जेचा ओटोमनांविरुद्धचा १८०४ पासूनचा उठाव रशियाच्या भरवशावर उभा होता. नेपोलियन येतोय म्हणून रशियाने मे १८१२ मध्ये बुखारेस्टचा तह उरकला, सैन्य उत्तरेला काढलं. तहात सर्बांसाठी एक कलम: माफी आणि थोडी स्वायत्तता, तीही सुलतानाच्या मर्जीने. १८१३ च्या शरद ऋतूपर्यंत ओटोमन फौजांनी उठाव मोडला.

गडवाट
१८०४ च्या उठावाबद्दल दोन गोष्टी. पहिली, तो सुरुवातीला सुलतानाविरुद्ध नव्हता. बेलग्रेडच्या पाशालिकात (पाशाच्या सुभ्यात) दाहिया नावाच्या बंडखोर जानिसारी (सुलतानाचं कायमचं पायदळ) पुढाऱ्यांनी सुलतानाच्या वजीराला मारून सत्ता बळकावली होती. १८०४ च्या हिवाळ्यात त्यांनी गावोगावचे सर्ब प्रमुख ठार मारायला सुरुवात केली. त्यावर ओराशात्सला लोक जमले आणि काराजॉर्जे पुढारी झाला. मागणी होती सुलतानाने आधी दिलेले हक्क परत द्या. सुलतानाचं सैन्य १८०५ ला इवान्कोवात्सला सर्बांवर चालून आलं आणि हरलं, तेव्हा लढाई थेट साम्राज्याशी झाली.

दुसरी, हे शेतकरी आणि डुकरांचे व्यापारी एवढे नीट लढले कसे? १७८८ ते १७९१ च्या ऑस्ट्रिया-तुर्की युद्धात त्यांतले कित्येक ऑस्ट्रियाच्या स्वयंसेवक दलात होते, काराजॉर्जेसुद्धा. खंदक, टेहळणी, गोळीबाराची शिस्त तिथे शिकले. ऑस्ट्रियाने स्विश्तोव्हचा तह करून त्यांना सोडून दिलं, पण कवायत त्यांच्या अंगात राहिली. मिशारला (१८०६) मातीच्या चौकोनी मोर्च्यामागे थांबून शत्रूला जवळ येऊ दिलं आणि मग बाजूने घोडदळ सोडलं. हे शिकलेलं काम आहे, नुसत्या शौर्याचं नाही.

शिस्त सुटली तिथे काय झालं तेही आहे. १८०९ ला निशपुढे पुढाऱ्यांचं एकमेकांशी पटेना, फौज वेगवेगळ्या मोर्च्यांत विखुरलेली. चेगार टेकडीवर स्तेवान सिंजेलिच एकटा पडला. मोर्चा हातचा जातो असं दिसल्यावर त्याने दारूच्या साठ्यात गोळी झाडून सगळं उडवलं. पाशाने मेलेल्यांची डोकी सोलून मनोऱ्याच्या भिंतीत बसवली: चार बाजू, प्रत्येक बाजूला १४ ओळी, एका ओळीत १७, एकूण ९५२ कवट्या. आज ५८ उरल्यात, निशमध्ये मनोरा उभा आहे.

मीठभाकर
बापरे. १८१५ च्या दुसऱ्या उठावाचं काय? तो यशस्वी झाला ना?

गडवाट
झाला, कारण मिलोश ओब्रेनोविच लढला कमी आणि बोलला जास्त. ताकोवोला उठाव, काही महिने लढाई, आणि जिंकत असतानाच मारशली अली पाशाशी तोंडी समझोता. वॉटर्लू नुकतंच झालं होतं, रशिया आता मोकळा होता, ही वेळ त्याने नेमकी साधली. मग पंधरा वर्षं इस्तंबूलला नजराणे, रशियाचा दबाव, आणि १८३० च्या फर्मानाने स्वायत्त संस्थान. ओटोमन ठाणेदार किल्ल्यांतून गेले ते १८६७ ला. पूर्ण स्वातंत्र्य १८७८ च्या बर्लिन परिषदेत. त्याच परिषदेत बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेलं आणि १९१४ ची वात तिथेच लावली गेली.

दूर्वा
डुकरांचे व्यापारी म्हणालात म्हणून, डुक्करयुद्ध म्हणतात ते हेच का?

तोफखाना
नाही, ते १९०६ चं. सर्बियाची ८० टक्क्यांहून जास्त निर्यात ऑस्ट्रिया-हंगेरीला जात होती, त्यात जिवंत डुकरं मोठ्या प्रमाणात. सर्बियाने बल्गेरियाशी जकात-करार केला आणि तोफा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या स्कोडाऐवजी फ्रान्सच्या श्नायडरकडून घ्यायच्या ठरवल्या. व्हिएन्नाने जनावरांच्या रोगाचं कारण दाखवून सीमा बंद केली. सर्बियाने डुकरं देशातच कापून चरबी आणि डबाबंद मांस करायला घेतलं, माल सालोनिकाच्या बंदरातून आणि डॅन्यूबमार्गे बाहेर काढला, जर्मनीत नवे गिऱ्हाईक शोधले. या युद्धात एकही गोळी उडाली नाही, उडाले ते फक्त भाव. तोफा फ्रेंचच आल्या, आणि आठ वर्षांनी त्या व्हिएन्नाच्याच फौजेवर चालल्या.

नकाशेवाला
आता १९१४ ला येऊ. सेर आणि कोलुबारा या लढायांतही सर्ब दोन्ही बाजूंना होते, बरोबर?

सरहद्द
बरोबर. बोस्निया, क्रोएशिया, वोय्वोदिना इथले सर्ब ऑस्ट्रिया-हंगेरीचे नागरिक, त्यांना भरती लागू. झाग्रेबच्या ४२ व्या डिव्हिजनमध्ये जुन्या सरहद्दीच्या मुलखातले सर्ब होते आणि ती डिव्हिजन सर्बियावरच धाडली गेली. इसोंझोवर इटलीला अडवणारा फील्ड मार्शल स्वेतोझार बोरोएविच जुन्या बान सरहद्दीवरच्या ऑर्थोडॉक्स घरातला. त्याला सर्ब म्हणायचं की क्रोएट यावर आजही वाद होतो. तो स्वतः सम्राटाचा होता, आणि त्याच्या आधीच्या सरहद्दीवरच्या पिढ्याही याच उत्तरावर जगल्या.

तोफखाना
कोलुबाराबद्दल लिहितो, कारण तिथे निकाल दारूगोळ्याने लावला. नोव्हेंबर १९१४ मध्ये सर्ब तोफांकडे गोळे जवळपास संपले होते. फौज मागे मागे, बेलग्रेड २ डिसेंबरला पडलं. फ्रान्सकडून गोळे सालोनिकामार्गे आले, पण ते सर्ब तोफांत जसेच्या तसे बसेनात. क्रागुयेवात्सच्या शस्त्रागारात ते बदलून मोर्च्यावर पाठवले. झिवोयिन मिशिचने त्याआधीच एक धाडसी गोष्ट केली होती: आपली फळी आणखी मागे घेऊन आखूड केली, सैनिकांना झोप आणि जेवण दिलं. ऑस्ट्रियन फौजेची रसद-वाट चिखलात लांबत गेली होती. ३ डिसेंबरला उलट हल्ला, १५ डिसेंबरला बेलग्रेड परत.

निदान
आणि त्या विजयाबरोबर टायफस आला. हजारो कैदी उवांसकट देशभर पांगवले गेले, वालयेवोची इस्पितळं जमिनीवर गवत टाकून भरली. १९१५ च्या वसंतापर्यंत साधारण दीड लाख माणसं गेली, डॉक्टरांपैकी जवळपास एक तृतीयांश.

ब्रिटिश लष्करी वैद्यकीय पथक कर्नल विल्यम हंटरच्या नेतृत्वाखाली आलं. पहिला उपाय औषधाचा नव्हताच: प्रवासी रेल्वे बंद, सैनिकांच्या रजा बंद, म्हणजे उवांचा प्रवास बंद. दुसरा उपाय स्टॅमर्स या अधिकाऱ्याचं ‘सर्बियन पिंप’. निर्जंतुक करायची यंत्रं बाहेरून येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, पण दारूची पिंपं गावोगावी होती. कृती अशी: मोठ्या लाकडी पिंपाच्या तळाला भोकं पाडायची. जमिनीत चूल, तिच्यावर पाण्याची कढई, कढईवर पिंप. कढई आणि पिंप यांच्या सांध्याला कापडात वाळू भरलेली ओली कडी, नाहीतर वाफ बाजूने पळते. आत कपडे टांगून सोडायचे, कोंबायचे नाहीत. कोंबले की मधल्या घड्यांत वाफ शिरत नाही आणि अंडी जिवंत राहतात. झाकण घट्ट, वर वजन. वाफ जोरात सुरू झाल्यावर तासभर. मग कपडे लगेच पसरायचे म्हणजे वाळतात. आणि त्याच वेळी माणसाने आंघोळ करून केस काढायचे. नाहीतर स्वच्छ सदरा घालून तो उवा परत त्यात सोडतो. उन्हाळ्यापर्यंत साथ आटोक्यात आली.

गडवाट
पुढच्या शरद ऋतूतल्या माघारीचं थोडक्यात: ऑक्टोबर १९१५ ला उत्तरेकडून माकेन्सेनच्या जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजा आणि पूर्वेकडून बल्गेरिया. बल्गेरियाने व्रान्येजवळ निश-स्कोप्ये रेल्वे तोडली, सालोनिकाकडे जायचा रस्ता बंद. उरले माँटेनेग्रो आणि अल्बानियाचे डोंगर, हिवाळ्यात. तोफा नेता येईनात म्हणून फोडल्या किंवा पुरल्या. दम्याने आजारी सेनापती पुतनिकला पेटीसारख्या बंद खुर्चीत बसवून सैनिकांनी उचलून नेलं. कोर्फूला पोचल्यावरही माणसं मरत राहिली. एक कारण म्हणजे महिनोन्महिने उपाशी शरीराला एकदम पोटभर अन्न. विदो बेटावरच्या इस्पितळातून मेलेल्यांना पुरायला जागा उरली नाही, शेवटी समुद्रात सोडलं. वाचलेल्या सव्वा-दीड लाखांना फ्रेंच बंदुका आणि शिरस्त्राणं देऊन सालोनिका आघाडीवर पाठवलं. १९१६ ला काय्माक्चालान शिखर, सप्टेंबर १९१८ ला दोब्रो पोल्ये, दोन आठवड्यांत बल्गेरियाची शरणागती.

पॅरिसच्या परिषदेत सर्ब शिष्टमंडळाने एकूण हानी साडेबारा लाखांच्या घरात सांगितली. पुढच्या लोकसंख्या-अभ्यासकांनी तो आकडा बराच खाली आणला. खालचा आकडा धरला तरी लोकसंख्येच्या मानाने ही त्या युद्धातल्या सर्वाधिक हानींपैकी एक.

उत्तरायण
सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण धागा एका बाजूला कलतोय असं स्पष्ट लिहिते. १९१२ मध्ये सर्बियाचं सैन्य कोसोवोत आणि मॅसेडोनियात शिरलं, तेव्हा तिथल्या अल्बानियन नागरिकांवर झालेल्या अत्याचारांची नोंद १९१४ च्या कार्नेगी आयोगाच्या अहवालात आहे. त्या मुलखातल्या लोकांसाठी साम्राज्य म्हणजे सर्बियाच होतं. आणि १९९५ चा स्रेब्रेनित्सा. बोस्नियन सर्ब सैन्याने ८,००० हून जास्त बोश्न्याक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले, आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी त्याला नरसंहार ठरवलं. कोसोवोच्या पराभवाची कथा सांगून हे घडवणाऱ्यांना पाठिंबा मिळवला गेला होता.

नकाशेवाला
पूर्ण मान्य, आणि हे लिहिल्याबद्दल आभार. दुसऱ्या महायुद्धातली यासेनोवात्सची छळछावणीही इथेच नोंदवतो. क्रोएशियातल्या फॅसिस्ट उस्ताशी राजवटीने तिथे सर्ब, ज्यू आणि रोमा यांना मारलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एक सांगून दुसरी झाकता येत नाही.

सरहद्द
१९९१ ते ९५ चं ‘सर्बियन क्रायिना’ जुन्या सरहद्दीच्या पट्ट्यातच बसवलेलं होतं. ऑगस्ट १९९५ च्या क्रोएशियन मोहिमेत तिथले साधारण दोन लाख सर्ब गेले. सम्राटाची सनद जाऊन शंभर वर्षं झाली होती. जमीन आणि हत्यार एकत्र देणारी व्यवस्था मोडताना शेजाऱ्यांशी नवा करार कुणी केलाच नव्हता.

खडूफळा
मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत आता असं. १३९० ची मांडलिकी ही सक्ती. १६३०, १६९० आणि १७५१ चे करार हा सौदा. १६९० ला कुलगुरू आर्सेनिये तिसरा हजारो कुटुंबं घेऊन बेलग्रेडवरून उत्तरेला गेला, तेव्हा हाब्सबर्ग सम्राट लिओपोल्डकडून लेखी सनद घेऊन गेला: स्वतःचं चर्च, स्वतःचं पंचांग, आर्चबिशप निवडायचा हक्क. पण ज्यांना सौदा करता आला ते बंदूक चालवू शकणारे घरमालक होते. मागे राहिलेल्या गावांवर, ऑस्ट्रियाला मदत केली म्हणून, जो सूड उगवला गेला त्यात त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. एकाच उठावात एकाचा सौदा झाला आणि दुसऱ्यावर सक्ती.

नकाशेवाला
हे उत्तर मला पटतं, माझ्या पहिल्या मांडणीपेक्षा जास्त. एक शेवटची शंका: पुस्तकांत तारखा जुळत नाहीत. ओराशात्सचा उठाव कुठे २ फेब्रुवारी, कुठे १४, कुठे १५.

खडूफळा
तिन्ही बरोबर. सर्ब चर्च ज्युलियन पंचांग पाळतं. त्या पंचांगात २ फेब्रुवारी हा स्रेतेन्येचा सण. एकोणिसाव्या शतकात दोन पंचांगांत १२ दिवसांचा फरक, म्हणून १८०४ मध्ये आपल्या कॅलेंडरची १४ तारीख. १९०० पासून फरक १३ दिवसांचा, म्हणून आज सण १५ ला येतो आणि सर्बियाचा राष्ट्रीय दिन त्याच तारखेला. तसंच कोसोवोचं: मूळ तारीख १५ जून १३८९ ज्युलियन. तेव्हा फरक फक्त ८ दिवसांचा होता, म्हणजे खरा दिवस २३ जून ठरतो, पण विडोव्हदान (या लढाईचा स्मरणदिन) पाळतात तो २८ जूनला. सारायेवोची गोळी त्याच दिवशी. जुनी पुस्तकं वाचताना सनावळीशेजारी दोन तारखा तिरप्या रेघेने दिलेल्या दिसल्या तर पहिली ज्युलियन समजायची.